वाफेच्या चाकाचा शोध

यंत्रविद्येच्या इतिहासांत विजयाच्या कथा पुष्कळ लिहिल्या जातात. पराजयाच्या कथा लिहिण्याची हौस फारशी कोणास नसते. जें यंत्र चाललें त्याच्या कर्त्याचे पुतळे उभारले जातात, जें चाललें नाहीं त्याचें चित्र एखाद्या जुन्या पेटंटाच्या कागदांत पडून राहतें. परंतु कांहीं पराजय असे असतात कीं, त्यांत एका माणसाचा नव्हे तर अनेक पिढ्यांच्या बुद्धीचा इतिहास सांठविलेला असतो. वाफेकडून दट्ट्या न हालवितां थेट चाकच फिरवून घ्यावें, या कल्पनेपायीं अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय कारागिरांनीं जी खटपट केली, ती या जातीची आहे. तीत पडलेले लोक मूर्ख नव्हते. कित्येक तर आपल्या काळचे पहिल्या प्रतीचे यंत्रज्ञ होते. मग त्यांस यश कां आलें नाहीं, आणि त्यांचे श्रम खरोखरच वाया गेले काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ही कल्पना मनांत येणें अगदीं स्वाभाविक होतें. जातें, घाणा, रहाट, कुंभाराचें चाक हीं मनुष्याचीं जुनीं साधनें पाहिलीं तर त्यांची गति वर्तुळाकार आहे. पाणचक्की व पवनचक्कीहि गोलच फिरतात. वाफेचें यंत्र मात्र जन्मास आलें तें वरखालीं हालणारें. १७१२ मध्यें थॉमस न्यूकमेन यानें इंग्लंडांत डडली गांवाजवळ जें एंजिन उभें केलें, त्याचें काम खाणींतील पाणी उपसण्याचें होतें. पंपाचा दांडा वरखालीं होतो, दट्ट्याहि वरखालीं होतो. तेव्हां दोहोंची सोयरीक सहज जमली. अडचण आली ती पुढें, कारखानदारांस गिरण्या चालविण्यासाठीं वाफ हवीशी झाली तेव्हां. गिरणीला गोल फिरणारा आंस पाहिजे, आणि यंत्र तर तुळई हालवीत बसलेलें! अशा वेळीं वाफेलाच चाक कां जोडूं नये, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत उभा राहिला असता.

तो प्रश्न खुद्द जेम्स वॉटच्या मनांत फार लौकर उभा राहिला. निराळ्या शीतपात्राच्या शोधाबद्दल प्रसिद्ध असलेलें त्याचें १७६९ चें पेटंट पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्याच पेटंटांत एका ‘वाफेच्या चाकाचें’ वर्णन आहे, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. पाणचक्कीप्रमाणें आडव्या आंसावर बसविलेलें एक पोकळ कडें, त्याच्या पोकळींत एकाच दिशेनें वाट देणाऱ्या झडपा, आणि आंत वाफेच्या दाबानें एका बाजूस रेटलें जाणारें वजन, अशी ती योजना होती. सोहो येथील कारखान्यांत वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनीं तिच्यावर प्रयोगहि केले; परंतु हें चाक व्यवहारांत कधींच आलें नाहीं. पुढें १७८१ च्या सुमारास, लंडन, मँचेस्टर व बर्मिंगहॅम येथील लोकांस वाफेच्या गिरण्यांचें वेड लागलें आहे असें बोल्टन वॉटला निकडीनें कळवूं लागला. क्रँक म्हणजे वाकड्या भुजेचा आंस वापरावा, तर १७८० मध्यें जेम्स पिकार्ड यानें त्याच्या योजनेचें पेटंट घेऊन ठेविलें होतें. तेव्हां वॉटनें सूर्याभोंवतीं ग्रह फिरावा तसें एका दांतेरी चाकाभोंवतीं दुसरें फिरविण्याची युक्ति काढून काम भागविलें. १७८२ च्या पेटंटांत त्यानें फिरत्या यंत्राचे नवे आराखडे पुन्हां मांडले. पण गिरण्यांत गेलें तें दट्ट्याचेंच एंजिन. ज्या माणसानें दट्ट्याला सर्व जगांत मान मिळवून दिला, त्याचें अर्धें मन चाकाकडे होतें.

वॉटच्या मागून येणाऱ्या शोधकांनीं हा नाद अधिकच जोरानें धरला. त्यांच्या उत्साहाच्या मुळाशीं एक समजूत होती, व ती चुकीची होती. त्यांस वाटे कीं, दट्ट्या प्रत्येक फेरींत दोनदां थांबतो आणि उलट फिरतो, त्या वेळीं क्रँक व दांडा एका रेषेंत येऊन वाफेचा जोर निष्फळ ठरतो; सबब क्रँक हा शक्ति खाणारा चोर आहे. ही समजूत वरवर पाहतां पटण्यासारखी आहे. परंतु दट्ट्या जेव्हां टोंकाला थांबतो, तेव्हां तो वाफहि जवळजवळ खात नाहीं. काम म्हणजे जोर गुणिलें अंतर. जेथें अंतरच कापलें नाहीं, तेथें काम झालें नाहीं हें खरें, पण खर्चहि झाला नाहीं. झोंपाळा दोन्ही टोंकांस क्षणभर थबकतो म्हणून झोंका देणाराचें बळ कोणी चोरून नेत नाहीं. राहिलेली उणीव आंसावरील जड चाक भरून काढतें. शक्तीच्या अक्षय्यत्वाचा सिद्धांत १८४० नंतरच्या दशकांत नीट प्रस्थापित झाला. त्यापूर्वीं ही गोष्ट तोंडानें सांगूनहि पुष्कळांस पटत नसे. अर्थात् मागेंपुढें होणाऱ्या जड भागांमुळें यंत्र हादरतें आणि त्याचा वेग फार वाढवितां येत नाहीं, ही तक्रार खरी होती. पण ती वेगाची व हादऱ्याची तक्रार होती. शक्तीच्या नाशाची नव्हे.

आतां हीं फिरतीं यंत्रें कशीं चालतात तें थोडक्यांत पाहूं. रचना असंख्य झाल्या, तरी त्यांपैकीं बहुतेकींचीं घराणीं तीन. पहिल्या घराण्यांत एका गोल कवचाच्या आंत त्याहून लहान रूळ एका बाजूस सरकवून बसविलेला असतो, इतका कीं एका ठिकाणीं तो कवचाला टेकतो. त्यामुळें उरलेली पोकळी चंद्रकोरीच्या आकाराची होते. रुळाला खांचा असून त्यांत सरकतीं पातीं असतात. कोर रुंदावेल तसें पातें बाहेर येतें, अरुंद होईल तसें आंत जातें. टेकलेल्या जागेच्या लगत एका बाजूनें वाफ आंत सोडली म्हणजे अधिक बाहेर आलेल्या पुढच्या पात्यावर तिचा जोर जास्त, कमी बाहेर आलेल्या मागच्या पात्यावर कमी; या फरकानें रूळ फिरतो आणि दुसऱ्या बाजूनें वापरलेली वाफ बाहेर पडते. दुसऱ्या घराण्यांत दोन दांतेरी चाकें एकमेकांत गुंतवून एका घट्ट पेटींत ठेवितात. वाफ त्यांचे दांते पेटीच्या कडेनें ढकलीत नेते. तिसऱ्या घराण्यांत वाटोळ्या वाटेंतून दट्ट्या सतत पुढें जातो, आणि त्याच्या मागें वाफेला पाठ टेकण्यासाठीं एक दार पडतें व दट्ट्या परत आला म्हणजे उघडतें.

यांतील पहिली रचना मुळांत वाफेसाठीं नव्हतीच. इटालियन यंत्रज्ञ आगोस्तीनो रामेली यानें १५८८ मध्यें पॅरिस येथें प्रसिद्ध केलेल्या आपल्या यंत्रांच्या ग्रंथांत सरकत्या पात्यांचा पाणी उपसण्याचा पंप चित्रित केला आहे. जोसेफ ब्रामा व डिकिन्सन यांनीं १७९० मध्यें फिरत्या यंत्रांचें पेटंट घेतलें. वॉटचा उजवा हात जो विल्यम मर्डॉक, त्यानें १७९९ मध्यें दोन दांतेरी चाकांच्या वाफयंत्राचें पेटंट घेतलें. सोहोच्या दट्ट्यांवर ज्याचें आयुष्य गेलें, त्यालाहि हा मोह आवरला नाहीं, यावरून त्याची ओढ किती होती हें ध्यानांत येईल.

मग घोडें अडलें कोठें? तें गतींत अडलें नाहीं. तें सांध्यांत अडलें. दट्ट्याच्या यंत्रांत वाफ निसटण्याची जागा मुख्यतः एकच : दट्ट्याची वाटोळी कड. वर्तुळ हा असा आकार आहे कीं तो खरा करणें कारागिराच्या हातांत असतें. जॉन विल्किन्सन यानें १७७४ मध्यें तोफा कोरण्याच्या नव्या पद्धतीचें पेटंट घेतलें आणि लौकरच वॉटचीं नळकांडीं तो कोरूं लागला; पन्नास इंच व्यासाच्या नळकांड्यांत झिजलेल्या शिलिंगाच्या जाडीइतकीहि चूक नाहीं, याचें बोल्टनला मोठें कौतुक वाटलें. तेवढी चूकहि चरबी पाजलेल्या तागाच्या भरणानें झांकली जाई. पुढें एडमंड कार्टराइट यानें १७९७ च्या पेटंटांत भरणाच्या जागीं धातूचे तुकडे स्प्रिंगनें बाहेर रेटण्याची युक्ति मांडली. कडें झिजलें तरी तें पसरून पुन्हां भिंतीला चिकटतें, म्हणजे झीज आपोआप भरून निघते. फिरत्या यंत्रांत असें होत नाहीं. तेथें पात्याचें टोंक, पात्याच्या दोन बाजू, रुळाचीं दोन सपाट तोंडें आणि रूळ कवचाला टेकतो ती रेषा, इतक्या ठिकाणीं सांधे येतात. कांहीं वाटोळे, कांहीं सपाट, कांहीं सरळ. आणि जेथें हे एकमेकांस मिळतात त्या कोपऱ्यांत कोणतेंहि एक कडें पोंचत नाहीं. शिवाय कवचाची एक बाजू ताज्या वाफेनें तापलेली तर दुसरी त्या मानानें थंड. तीनशें मिलिमीटर लांबीचा लोखंडी भाग शंभर अंश तापला तर सुमारें ०.३६ मिलिमीटर वाढतो. थंड असतां चोख बसणारें यंत्र गरम झालें कीं आंवळतें. आंवळूं नये म्हणून फट ठेवावी, तर वाफ पळते.

हा सर्व प्रकार पुस्तकांत वाचण्यापेक्षां एखादी लहान प्रतिकृति करून पाहिली तर फार लौकर समजतो. ज्यांच्यापाशीं लहानसें लेथ व थोडा धीर आहे, त्यांस सरकत्या पात्यांचें यंत्र करणें कठीण नाहीं. उदाहरणार्थ, पितळेच्या किंवा कांशाच्या कवचाला ४० मिलिमीटर व्यासाचें, ३० मिलिमीटर लांबीचें भोंक कोरावें. रूळ पोलादाचा, ३४ मिलिमीटर व्यासाचा. त्याचा आंस भोंकाच्या मध्यापासून बरोबर ३ मिलिमीटर बाजूस, म्हणजे रूळ वरच्या रेषेवर कवचाला टेकेल आणि खालीं सहा मिलिमीटरची कोर उरेल. रुळाला समोरासमोर चार खांचा पाडावयाच्या. सर्वांत कसोटीचें काम तेंच. खांच तिरकी झाली कीं पातें अडकलेंच. दोन्ही बाजूंच्या झांकणांवर बुशें बसवितांना तीन मिलिमीटरचें अंतर दोहोंकडे तंतोतंत सारखें पाहिजे, नाहीं तर रूळ एका टोंकास टेकेल व दुसऱ्या टोंकास टेकणार नाहीं. सर्व भाग एकमेकांवर बारीक घांसून बसविल्यावर प्रथम वाफ न देतां पंपानें दाबलेल्या हवेवर यंत्र चालवून पाहावें. आणि वाफ द्यावयाची तेव्हां तिच्याबरोबर तेलाचा थेंब थेंब जाईल अशी सोय करावी, कारण येथें घांसणारी जागा फार मोठी आहे.

आतां थोडा हिशोब करूं. वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास दोन किलो धरला, तर पूर्ण बाहेर आलेल्या पात्याच्या १८० चौरस मिलिमीटर क्षेत्रावर ३.६ किलोंचा जोर येतो. खेळण्याएवढ्या यंत्राला तो थोडा नाहीं. परंतु सर्व सांध्यांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे बारीक केंसाएवढी, फट राहिली असें समजा. पात्याच्या टोंकापाशीं दीड चौरस मिलिमीटर, टेकलेल्या रेषेपाशीं दीड, पात्याच्या दोन बाजूंस मिळून ०.६, एकूण ३.६ चौरस मिलिमीटर वाट उघडी पडली. दोन मिलिमीटरांहून थोड्या अधिक व्यासाचें भोंक बॉयलरला पाडून ठेवल्यासारखेंच हें झालें! वाफ आंत आणणारी नळीच मुळीं तीन मिलिमीटरांची असावयाची. म्हणून नवशिक्याचें असें यंत्र बहुधा भरभर फिरतें, मोठा आवाज करितें, पण आंसावर बोट ठेवलें कीं थांबतें, आणि पाहतां पाहतां बॉयलर रिकामा होतो. दट्ट्याचें तेवढेंच यंत्र त्याच वाफेवर कितीतरी अधिक वेळ चालेल.

घर्षणाचीहि तीच गोष्ट. मिनिटाला १५०० फेरे होतील तर पात्याचें टोंक तासाला सुमारें अकरा किलोमीटर घांसत जातें. वीस मिलिमीटरच्या खेपेचा दट्ट्या मिनिटाला पांचशें फेऱ्यांत तासाला सव्वा किलोमीटरहि जात नाहीं. या वेगांत पातें स्वतःच्या वजनाच्या चाळीस-पन्नास पट जोरानें बाहेर रेटलें जातें. हा जोर सांधा झांकण्यास उपयोगी, पण झीज वाढविण्यासहि तोच कारण. आणि यंत्र सुरू होतांना, जेव्हां त्याची खरी गरज, तेव्हां तो मुळींच नसतो, म्हणून पात्याखालीं स्प्रिंग ठेवावी लागते. मोठ्या यंत्रांत फटींचें प्रमाण कमी भरतें. तेंच यंत्र दसपट केलें आणि फट तेवढीच राखली, तर पात्याचें क्षेत्र शंभरपट होतें, गळती मात्र दसपटच. पण मोठ्या यंत्रांत उष्णतेनें होणारी वाढहि दसपट होते, आणि ती फट तेवढीच राखूं देत नाहीं. लहान यंत्र गळतीनें हरतें, मोठें यंत्र उष्णतेनें. ही दुहेरी कोंडी फोडण्यांत अनेकांचीं आयुष्यें गेलीं.

त्यांतील एक नांव मोठें आहे. चिली, ब्राझील व ग्रीस या देशांच्या आरमारांचें आधिपत्य केलेला धाडसी दर्यावर्दी थॉमस कॉक्रन, डन्डोनाल्डचा दहावा अर्ल, हा उतारवयांत फिरत्या वाफयंत्राच्या मागें लागला. १८४४ मध्यें पाण्यांत सोडलेल्या ‘जेनस’ या युद्धनौकेसाठीं त्याचें यंत्र घेण्यांत आलें. परंतु तें आरमारांत टिकलें नाहीं. त्याच्या उलट, अमेरिकेंत सेनेका फॉल्स येथील सिल्स्बी कारखान्याचे आगीचे बंब मात्र फिरत्या यंत्रावर व फिरत्या पंपावर चालत आणि ते लोकप्रिय झाले. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. बंबाला वर्षांतून थोडेच तास काम असतें. तेथें कोळसा किती जळला हें कोणी विचारीत नाहीं, यंत्र आटोपशीर आहे कीं नाहीं एवढेंच पाहतात. गिरणीचा मालक मात्र दररोज कोळशाचा जमाखर्च पाहतो. एकच यंत्र एका ठिकाणीं यशस्वी व दुसऱ्या ठिकाणीं अयशस्वी ठरतें तें असें.

या धडपडीचें शास्त्रीय निदान १८७५ मध्यें झालें. जर्मन पंडित फ्रान्झ रूलो यानें त्या वर्षीं यंत्रगतिशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें पेटंटांतील फिरत्या यंत्रांचे सांगाडे एकापुढें एक मांडून दाखविलें कीं, यांतील पुष्कळशीं यंत्रें क्रँकपासून सुटलेलीं नाहींतच. ज्या चार दुव्यांच्या सांखळीनें दट्ट्याचें एंजिन बनतें, तीच सांखळी येथेंहि आहे. फरक इतकाच कीं कोणता दुवा स्थिर धरला आणि कोणता फुगवून कवच बनविला. वर दिलेल्या प्रतिकृतींतील तीन मिलिमीटरचें अंतर म्हणजे दुसरें काय? ती क्रँकची भुजाच आहे! आणि खांचेंत आंतबाहेर करणारें पातें हा वेषांतर केलेला दट्ट्याच. ज्यास हांकलण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तो मागच्या दारानें पुन्हां घरांत येऊन बसला होता.

मग वाफेला चाक मिळालेंच नाहीं काय? मिळालें, पण तें निराळ्या वाटेनें. चार्ल्स पार्सन्स याचा आरंभहि फिरत्या यंत्रानेंच झाला. नळकांडीं स्वतःच फिरतील असें एक एंजिन त्यानें तरुणपणीं केलें, व लीड्स येथील किटसनच्या कारखान्यांत तशीं एंजिनें तयारहि झालीं. पण १८८४ मध्यें त्यानें जें टर्बाइन केलें त्यांत वाफेला कोंडण्याचा हट्टच सोडून दिला. वाफेला दाबून धरून ढकलावयास न लावतां तिला वाहूं द्यावें, आणि तिचा वेग अनेक लहान पायऱ्यांनीं चाकांच्या पात्यांवर उतरून घ्यावा, ही ती कल्पना. येथें पातें कवचाला घांसत नाहीं. मध्यें फट असते, थोडी वाफ निसटतेहि, पण यंत्राचा वेग इतका प्रचंड कीं त्या मानानें गळती क्षुल्लक ठरते. सुमारें दहा अश्वशक्तीचें तें पहिलें टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे घेई. १८९७ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाप्रीत्यर्थ स्पिटहेड येथें झालेल्या आरमारी समारंभांत त्याची ‘टर्बिनिया’ ही नौका ३४ नॉटच्या वेगानें सर्वांच्या डोळ्यांदेखत धांवली, आणि १९०६ मध्यें ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेला टर्बाइनेंच बसलीं. आज कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांत काय किंवा तारापूरच्या अणुकेंद्रांत काय, वीज उत्पन्न होते ती वाफेच्या चाकावरच. वॉटचें स्वप्न खरें झालें. मात्र त्याच्या चाकांतील झडपा, वजनें व बंद कोठड्या यांपैकीं त्यांत कांहींच उरलें नाहीं.

आणि तीं जुनीं हरलेलीं यंत्रें? तीं मेलीं नाहींत. त्यांनीं धंदा बदलला. वाफेकडून फिरवून घेण्याऐवजीं तीं आपण फिरून द्रव व हवा ढकलूं लागलीं. तेल स्वतःच फटी झांकतें व वंगणहि होतें. उष्णतेचा जाचहि तेथें पुष्कळ कमी. मर्डॉकचीं दोन दांतेरी चाकें आज मोटारींच्या एंजिनांत तेल खेळवितात. रामेलीचीं सरकतीं पातीं निर्वात पंपांत काम करितात. अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० च्या सुमारास पुढें आणलेला दोन पाळ्यांचा फुंका भट्ट्यांना वारा देऊं लागला. फेलिक्स वांकेल याचें त्रिकोणी रुळाचें पेट्रोल-एंजिन १९५७ मध्यें जर्मनींत प्रथम चाललें, तेव्हां जुनीच आशा पुन्हां पालवली. आणि त्याला छळलें तेंहि जुन्याच शत्रूनें, म्हणजे रुळाच्या टोंकावरील पट्ट्यांच्या झिजेनें. जपानांतील माझदा कंपनीनें चिकाटीनें तो प्रश्न बराच सोडविला, १९९१ मध्यें त्या एंजिनावर ल मान्सची शर्यतहि जिंकली. तरीहि दट्ट्याला हांकून देणें तिलाहि साधलें नाहीं.

या सर्व कथेंतून एक गोष्ट निष्पन्न होते. शोधकांनीं दोष पाहिला तो डोळ्यांना दिसणारा, दट्ट्याच्या येरझाऱ्यांचा. खरा प्रश्न होता न दिसणाऱ्या फटीचा. यंत्राची गति कशी असावी याचा त्यांनीं अहोरात्र विचार केला, पण वाफ कोठें अडवावयाची याचा विचार नेहमीं शेवटीं, कारागिराच्या कानशीवर सोडून दिला. साधेपणा हा बाहेरून दिसणाऱ्या भागांच्या संख्येवर मोजावयाचा नसतो, सांभाळाव्या लागणाऱ्या सांध्यांच्या संख्येवर मोजावयाचा असतो. आणि दट्ट्या, दांडा, क्रँक एवढा पसारा मांडणारें जुनें एंजिन या मापानें पाहतां त्या सुटसुटीत चाकापेक्षां साधें होतें. हें सत्य ज्यांच्या अपयशानें सिद्ध झालें, त्यांचे श्रम वाया गेले असें कोणी म्हणूं नये.